एका ठिपक्याची शेपटी: घनता-नकाशाच्या सपाट प्रक्षेपाचं एक प्रकरण

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण पाडून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशातून रेणूचं मॉडेल बांधतात. असं एक मॉडेल जवळपास पूर्ण झालं होतं. रेणू साधारण ४५ हजार डाल्टनचा, विदा (मोजमापं) २.१ आंगस्ट्रॉमपर्यंतच्या तपशिलाची. युनिट सेलच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेटीच्या, बाजू ए, बी, सी अनुक्रमे ५८, ७२ आणि १०४ आंगस्ट्रॉम, तिन्ही कोन काटकोन. स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) प्रथिनांच्या स्फटिकांत सर्वांत जास्त भेटणारा, म्हणजे तिन्ही दिशांना दुहेरी स्क्रू अक्ष (अर्धा फेरा आणि अर्धा सेल पुढे) असलेला. आर-फ्रीबद्दल, म्हणजे मॉडेल विदेशी किती जुळतं त्या आकड्याबद्दल, तक्रार करावी असं काही नव्हतं. अडलं होतं ते साखळीच्या शेवटच्या अठरा अमिनो आम्लांपाशी. जीवरसायनाचे सगळे प्रयोग सांगत होते की ही शेपटी कामाची आहे, आणि नकाशात तिचा पत्ता नव्हता.

(हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, कुठल्याही एका प्रयोगशाळेचं नाही. आकडे मात्र एकमेकांशी जुळणारे आहेत. ज्याला हौस असेल त्याने कागदावर पडताळून पाहावेत.)

शोधछात्रेने कूट या मॉडेल बांधण्याच्या प्रोग्राममध्ये जे सगळे करतात ते करून पाहिलं. फरकाचा नकाशा (मोजलेलं वजा मॉडेल) उघडला आणि जाळी दाखवण्याची पातळी ३ सिग्मावरून हळूहळू खाली आणली; सिग्मा म्हणजे नकाशातला सर्वसाधारण चढउतार. ३ वर काहीच नाही. २ वर इकडेतिकडे ठिपके. दीडवर पडदाभर जाळीच जाळी, त्यात हवी ती आकृती कुणालाही दिसावी. अशा जाळीत शेपटी 'सापडणं' हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. तिने तो लावून घेतला नाही, हे तिचं श्रेय.

मग तिने वेगळा विचार केला. शेपटी एका जागी घट्ट बसलेली नसेल, सॉल्व्हंटच्या चॅनलमध्ये, म्हणजे रेणूंमधल्या पाण्याने भरलेल्या पोकळीत, हलत असेल, तर तिची घनता पसरलेली आणि पातळ असणार. अशी पातळ घनता त्रिमितीय जाळीत हरवते. तेच सगळे थर एकावर एक रचून बेरीज केली, तर ती वर यायला हवी. म्हणून तिने नकाशा सपाट करून बघायचं ठरवलं.

जुनं तंत्र, नवं साधन

सपाट प्रक्षेप हे स्फटिकशास्त्राचं लहानपण आहे. १९२९ साली लॉरेन्स ब्रॅग यांनी डायॉप्साइड या खनिजाच्या इलेक्ट्रॉन घनतेचे प्रक्षेप छापले ते द्विमितीय, कारण हाताने त्याहून जास्त बेरजा करणं परवडत नव्हतं. १९५४ मध्ये पेरुत्झ आणि सहकाऱ्यांनी जड अणू जोडून घोड्याच्या हिमोग्लोबिनचे फेज (लाटेचा माथा कुठे पडतो ते) काढले, तेही आधी एका प्रक्षेपापुरतेच. त्या दिशेने पाहिलं की फेजला दोनच किमती उरतात, अधिक किंवा उणे. तो प्रक्षेप बरोबर होता आणि त्यातून काही कळत नव्हतं. रेणूच्या जाडीभर अणूंवर अणू चढलेले होते. केंड्रू यांच्या गटाने १९५८ मध्ये ६ आंगस्ट्रॉमचा मायोग्लोबिनचा त्रिमितीय नकाशा दिला, तेव्हा कुठे प्रथिनाचं रूप दिसलं. पुढे पारदर्शक पत्र्यांवर काढलेले काप आले, १९६८ मध्ये रिचर्ड्स यांची आरशाची पेटी आली, १९७८ मध्ये अल्विन जोन्स यांचा फ्रोडो हा पडद्यावर मॉडेल बांधायचा प्रोग्राम आला आणि २००४ मध्ये कूट. प्रक्षेप मागे पडला तो पडलाच. सीसीपी४ या स्फटिकशास्त्राच्या प्रोग्राम-संचातला मॅपस्लायसर आला तोही कापांसाठीच.

त्यामुळे हे साधन तिने स्वतःच लिहिलं. पायथॉन, नकाशा वाचायला जेमी, बेरजेला नमपाय, चित्राला मॅटप्लॉटलिब. ओळी थोड्याच, पण त्यातल्या तीन-चार निवडी अशा आहेत की त्या चुकल्या तर पुढचं सगळं प्रकरणच घडलं नसतं.

पहिली निवड अक्षांच्या क्रमाची. सीसीपी४ नकाशाच्या फाइलला सुरुवातीला १०२४ बाइटांचं मस्तक असतं, आणि कोणता अक्ष सर्वांत वेगाने बदलतो, कोणता सर्वांत हळू, हे त्यात लिहिलेलं असतं. तो क्रम दरवेळी एक्स, वाय, झेड असेल असं नाही. मस्तक न वाचता थेट आकडे उचलले, तर बी अक्षावरून पाहतोय असं वाटत असताना आपण सी अक्षावरून पाहत असतो. गंमत अशी की प्रक्षेपात ही चूक डोळ्याला टोचत नाही. हेलिक्स उजवी की डावी हे प्रक्षेपातून कळतच नाही. नकाशा खोलीच्या दिशेने उलटा केला तरी सपाट चित्र तेच राहतं. जेमीतली सेटअप ही क्रिया अक्ष जागेवर आणते आणि सममितीने पूर्ण सेल भरूनही देते. ती करायचीच.

दुसरी निवड म्हणजे किती जाडी घ्यायची. रेणूभोवती कापलेला चौकोन घेतला तर एक चित्र मिळतं, पूर्ण सेल घेतला तर दुसरं. नकाशा म्हणजे परावर्तनांच्या (विवर्तन-चित्रातल्या ठिपक्यांच्या) लाटांची बेरीज, आणि प्रत्येक लाट ए, बी, सी या दिशांना सेलमध्ये किती आवर्तनं घेते ते तिचे तीन निर्देशांक. त्यामुळे पूर्ण सेलची बेरीज गणितात फार स्वच्छ आहे: सी अक्षावरून केलेल्या संपूर्ण प्रक्षेपात फक्त तीच परावर्तनं भाग घेतात ज्यांचा तिसरा निर्देशांक शून्य आहे. बाकीच्या सगळ्यांच्या लाटा त्या दिशेने पूर्ण आवर्तनं घेतात आणि बेरजेत शून्य होतात. आपल्या सेलसाठी २.१ आंगस्ट्रॉमपर्यंत सममितीच्या प्रती धरून जवळपास दोन लाख परावर्तनं होतात. त्यातली एच-के-शून्य पातळीवरची साधारण तीन हजार. म्हणजे दीड टक्का. प्रक्षेप पाहताना आपण बाकीचे साडेअठ्ठ्याण्णव टक्के बाजूला ठेवलेले असतात, हे डोक्यात पक्कं हवं.

तिसरी निवड बेरीज की कमाल. चित्रांच्या बहुतेक साधनांत 'कमाल किंमत' हा प्रक्षेप आयता मिळतो आणि दिसायला झोकदार असतो. फरकाच्या नकाशासाठी तो निरुपयोगी आहे. प्रत्येक बिंदूवर खोलीतला सर्वांत मोठा आकडा निवडला जातो, आणि शंभरेक थरांतला सर्वांत मोठा आकडा हा बहुतेक वेळा नुसता गोंगाटाचा कळस असतो. शिवाय ऋण बाजू पूर्ण हरवते. तिने सरासरी घेतली, आणि रंग शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखे ठेवले: धन निळा, ऋण लाल, शून्य पांढरा. आपोआप ताणला जाणारा रंगपट बंद केला. फरकाच्या नकाशाची सरासरी शून्यच असते, त्यामुळे पांढऱ्याला इथे खरा अर्थ आहे.

चित्रात काय दिसलं

आधी नेहमीच्या नकाशाचा प्रक्षेप. अपेक्षेप्रमाणे त्यात रेणूंचा ढिगारा, पण बी अक्षाच्या दिशेने थर स्पष्ट: प्रथिनाचा जाड पट्टा, मग चॅनल, मग पुन्हा प्रथिन. एका सेलमध्ये असे दोन पट्टे, म्हणजे दर ३६ आंगस्ट्रॉमला एक.

मग फरकाच्या नकाशाचा. आणि चॅनलमध्ये निळं होतं.

फिकट, पण नेमकं तिथेच. मॉडेलमधलं शेवटचं अमिनो आम्ल चॅनलच्या काठावर संपत होतं आणि त्याच्या पुढ्यात निळा पट्टा सुरू होत होता. मार्गदर्शकांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही बघ तुझी शेपटी." त्यांचं काही चुकलं नाही, समोरचं चित्र पाहून दहांतले आठ जण हेच म्हणतील. हलणारी साखळी पातळ, पसरट घनता देते. ती चॅनलमध्येच असणार. ती जाळीत दिसत नाही आणि बेरजेत दिसते. गोष्टीचा प्रत्येक सांधा बसत होता.

शोधछात्रेला मात्र एक गोष्ट खटकली, आणि प्रकरणाचा खरा उलगडा इथून होतो. निळा पट्टा ए अक्षाच्या दिशेने अखंड होता. शेपटी रेणूच्या एका कोपऱ्यातून निघते. अठरा अमिनो आम्लं कितीही हलली तरी ५८ आंगस्ट्रॉमभर एकसारखी पसरणार नाहीत, कुठेतरी गडद, कुठेतरी फिकी होणारच. हा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच होता. आणि प्रथिनावर त्याच मापाचा फिकट लाल पट्टा होता, जो पहिल्या उत्साहात कुणी पाहिलाच नव्हता.

"सर, हे जरा जास्तच सरळ नाही का?" असं तिने विचारलं.

तीन बाजूंनी पाहणं

पहिली चाचणी सी अक्षाच्या चार पाट्यांची. १०४ आंगस्ट्रॉमचे २६-२६ चे चार तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा प्रक्षेप. पट्टा चारही तुकड्यांत दिसला. हे ऐकायला जोरदार वाटतं, पण इथे सावध राहायला हवं: सी दिशेच्या स्क्रू अक्षामुळे वरचा अर्धा भाग हा खालच्या अर्ध्याचीच वळवलेली प्रत आहे. बाकी दोन दिशांच्या स्क्रू अक्षांमुळे खालच्या अर्ध्यातला दुसरा तुकडाही पहिल्याचीच प्रत ठरतो. चार पाट्यांपैकी एकच स्वतंत्र. सममितीने दिलेली प्रत पुरावा म्हणून मोजायची नाही.

खरी निर्णायक चाचणी दुसरी. सरळ, एकसारखे पट्टे म्हणजे एकच लाट, आणि स्फटिकाच्या नकाशात एक लाट म्हणजे एक परावर्तन. पट्टे बी अक्षाला काटकोनात, अंतर ३६ आंगस्ट्रॉम, म्हणजे ७२ चा अर्धा. म्हणून निर्देशांक शून्य-दोन-शून्य. हा तर्क बरोबर असेल तर पुढचं भाकीत करता येतं. शून्य-दोन-शून्य हे परावर्तन सी अक्षावरच्या प्रक्षेपात आहे आणि ए अक्षावरच्या प्रक्षेपातही आहे, पण बी अक्षावरच्या प्रक्षेपात नाही, कारण तिथे मधला निर्देशांक शून्य लागतो. तेव्हा ए वरून पाहिलं तर पट्टे दिसले पाहिजेत आणि बी वरून पाहिलं तर पूर्ण गायब झाले पाहिजेत. खरी शेपटी असती तर ती तिन्ही बाजूंनी कुठे ना कुठे डाग ठेवून गेली असती.

ए वरून पट्टे होते. बी वरून काही नव्हतं.

(परावर्तन अक्षावरचं होतं म्हणून काम सोपं झालं. एक-दोन-शून्य असतं तर या स्पेस ग्रुपमध्ये त्याच्या सममितीच्या जोडीदारासह दोन तिरक्या लाटा एकमेकींना छेदल्या असत्या आणि पट्ट्यांऐवजी चौकटी दिसल्या असत्या. चौकटीतला एखादा निळा चौकोन चॅनलमध्ये पडला असता तर तो शेपटी म्हणून कितीतरी जास्त पटला असता. ए च्या दिशेने सारखा नसता ना!)

मग परावर्तनांची यादी उघडली. शून्य-दोन-शून्यचा मॉडेलवरून काढलेला आयाम (लाटेचा जोर) साधारण १८०० इलेक्ट्रॉन, मोजलेला २०० च्या आसपास. यादीत त्याच्या शेजारच्या परावर्तनांत असा प्रकार नव्हता.

चूक नेमकी तिथेच का पडते

इथे जरा थांबावं असं मला वाटतं, कारण हा योगायोग नाही.

शून्य-दोन-शून्य एवढं जोरदार का होतं? कारण प्रथिन आणि चॅनल ३६ आंगस्ट्रॉमच्या अंतराने थराथरांनी रचलेले आहेत. त्या लाटेचा माथा प्रथिनावर आणि तळ चॅनलमध्ये. आता मोजमापात ती लाट चुकून जवळपास शून्य आली, की 'मोजलेलं वजा मॉडेल' या हिशेबात तीच लाट उलट्या चिन्हाने उरते: प्रथिनावर ऋण, चॅनलमध्ये धन. म्हणजे आतल्या भागातलं कुठलंही जोरदार परावर्तन कमी मोजलं गेलं, तर खोटी घनता सॉल्व्हंटच्याच वाट्याला येते. आणि हरवलेली शेपटी, अर्धवट बसलेला लिगॅंड (प्रथिनाला चिकटणारा छोटा रेणू), न दिसणारं डोमेन, हे सगळं आपण शोधतो ते सॉल्व्हंटमध्येच. चुकीची जागा आणि आशेची जागा एकच असते. सपाट प्रक्षेप वापरणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट पाठ करावी.

हे जाळीत का दिसलं नाही? सेलचं घनफळ ५८ गुणिले ७२ गुणिले १०४, म्हणजे सुमारे ४ लाख ३४ हजार घन आंगस्ट्रॉम. एका लाटेची उंची म्हणजे १६०० च्या दुपटीला या घनफळाने भागायचं: ०.००७४ इलेक्ट्रॉन प्रति घन आंगस्ट्रॉम. फरकाच्या नकाशाचा सिग्मा ०.०४५ होता. लाट एका सिग्माचा सहावा हिस्सा, आणि आपण पाहतो ३ सिग्मावर. ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. प्रक्षेपात मात्र गोंगाटाच्या परावर्तनांपैकी दीड टक्काच उरतात, त्यामुळे गोंगाट साधारण आठव्या हिश्शावर येतो, ०.००५६ च्या आसपास. लाट मात्र सी दिशेने बदलतच नाही, ती पूर्ण उंचीने तशीच राहते. सभागृहातला गलका थांबल्यावर तंबोऱ्याचा षड्ज ऐकू यावा तसं. तो आधीपासून वाजतच होता.

याच हिशेबातून उलट बाजूही दिसते. प्रक्षेप हे अशा चुका पकडण्याचं फार चांगलं साधन आहे, कारण तीन हजारांत एक खोटं बोलणारा लगेच उठून दिसतो, दोन लाखांत नाही. पण त्याच कारणाने, प्रक्षेपात दिसलेली घनता ही एखाद्या परावर्तनाच्या मर्जीवर उभी असू शकते. प्रक्षेपाच्या आधारावर अणू बसवायचे नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न विचारायला तो उत्तम. उत्तर इतर ठिकाणी तपासायचं.

ठिपका कुठे होता

मूळ विवर्तन-चित्रांकडे परत जावं लागलं. तरंगलांबी ०.९८ आंगस्ट्रॉम, डिटेक्टर २५० मिलिमीटरवर. या हिशेबाने ३६ आंगस्ट्रॉमचा ठिपका केंद्रापासून जेमतेम ६.८ मिलिमीटरवर पडतो. १७२ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर चाळीस पिक्सेलच्या आत-बाहेर. थेट किरण अडवणाऱ्या बीमस्टॉपच्या सावलीची कड तिथेच होती. ठिपका पूर्ण झाकलेला नव्हता, नाहीतर सॉफ्टवेअरने तो सोडून दिला असता. तो सावलीच्या धूसर कडेत अर्धवट दिसत होता, आणि प्रक्रियेच्या प्रोग्रामने जे दिसलं ते इमानाने मोजलं.

इतर प्रतींनी चूक का झाकली नाही? या स्पेस ग्रुपमध्ये सर्वसाधारण परावर्तनाच्या आठ प्रती असतात, फ्रिडेलची जोडी (केंद्राच्या पलीकडचा, उलट निर्देशांकांचा ठिपका) धरून. एक बिघडली तर बाकीच्या सरासरीत ती उघडी पडते आणि गाळली जाते. अक्षावरच्या परावर्तनाला दोनच प्रती: तो आणि त्याची फ्रिडेल जोडी. इथे जोडीदार बीमस्टॉपच्या दांडीच्या सावलीत होता. दोन्ही साक्षीदार सारखंच खोटं बोलले तर सरासरी आनंदाने जुळते. एकूण पटींचा (एकेक परावर्तन किती वेळा मोजलं त्याचा) आकडा कितीही चांगला असला तरी तो सरासरीचा असतो, याचा इथे प्रत्यय आला.

दुरुस्ती कंटाळवाणी पण सरळ. बीमस्टॉप आणि दांडीभोवतीचा अविश्वसनीय भाग मोठा करून पुन्हा इंटिग्रेशन, म्हणजे ठिपक्यांची मोजणी. एक्सडीएस या प्रक्रियेच्या प्रोग्राममध्ये हे न-विश्वसनीय वर्तुळ आणि चौकोन लिहून किंवा पिक्सेलच्या विश्वासार्ह किमतींची खालची मर्यादा वाढवून करतात. डायल्स या दुसऱ्या प्रोग्राममध्ये चित्र पाहता पाहता मास्क काढता येतो. नव्या विदेत शून्य-दोन-शून्य 'न मोजलेलं' झालं. फरकाच्या नकाशासाठी हे चालतं, तिथे त्याचं योगदान शून्य धरलं जातं. नेहमीच्या नकाशासाठी मात्र ती जागा रिकामी ठेवली तर तिथे उलटा खड्डा पडतो, म्हणून रिफाइनमेंटचे (मॉडेल विदेशी जुळवून घेण्याचे) प्रोग्राम ती मॉडेलवरून काढलेल्या किमतीने भरतात. भरलेली किंमत ही मोजलेली नाही, हे विसरायचं नाही.

नव्या नकाशाचा तोच प्रक्षेप: चॅनल पांढरा.

पुढे काय झालं

मॉडेल जवळजवळ बदललं नाही, आणि हेही सांगून टाकायला हवं. सिग्माच्या सहाव्या हिश्शाची लाट साइड चेन हलवत नाही. सर्वांत आतल्या रेझोल्यूशन पट्टीतला आर-फॅक्टर सुधारला, कारण त्या पट्टीत परावर्तनं मुळातच मोजकी असतात आणि त्यातलं एक नाठाळ निघालं होतं. एवढंच. ज्यांना वाटतं की प्रत्येक तांत्रिक दुरुस्तीतून रचना सुधारलीच पाहिजे, त्यांची इथे निराशा होईल. इथे टळलं ते चॅनलमध्ये अठरा अमिनो आम्लांची काल्पनिक साखळी बसवणं, आणि मग तिच्यावर चर्चेचा अख्खा परिच्छेद लिहिणं.

मार्गदर्शकांना शेपटी सोडवत नव्हती. त्यांनी विचारलं की पट्ट्याखाली खरी शेपटीही दडलेली असू शकते ना? रास्त प्रश्न. म्हणून मास्कमध्ये प्रथिन वगळून, फक्त चॅनलच्या भागाची सरासरी नव्या नकाशावर तिन्ही दिशांनी घेतली. कुठेही दोन दिशांत एकाच जागी जुळणारा डाग मिळाला नाही. यावरून शेपटी स्फटिकात नाही असं सिद्ध होत नाही. ती इतकी पसरलेली असू शकते की सॉल्व्हंटपासून वेगळी ओळखू येत नाही, किंवा स्फटिक वाढताना एखाद्या प्रोटिएझने ती कापलेलीही असू शकते. दुसरी शक्यता नकाशा सोडवणार नाही. स्फटिक विरघळवून मास स्पेक्ट्रोमेट्रीने वस्तुमान मोजलं की एका दुपारी कळतं, आणि तेच पुढचं काम ठरलं.

प्रोग्राममध्ये दोन बदल झाले. आता प्रक्षेप उघडला की एकाऐवजी तिन्ही अक्षांवरची चित्रं शेजारी-शेजारी येतात. एकच चित्र पाहण्याची सोयच काढून टाकली. आणि चित्राखाली त्या प्रक्षेपात भाग घेणाऱ्या परावर्तनांपैकी मोजलेला आणि काढलेला आयाम सर्वांत जास्त न जुळणाऱ्या दहांची यादी छापली जाते, डिटेक्टरच्या केंद्रापासूनच्या अंतरासकट. रचना प्रोटीन डेटा बँकेत जमा करताना शेपटीची अठरा अमिनो आम्लं फाइलच्या ४६५ क्रमांकाच्या टिपणीत, न दिसलेल्या अवशेषांच्या यादीत गेली.